राजनंदिनीचं कोरं पान

न्हाई न्हाई, मान हलवू नगा पावणं — वस्तरा हाय हातात माज्या. बसा निवांत. आणि त्यो मोबाइल वाजतोय त्यो वाजू दे. मगाधरनं तुमी त्येच्याकडं बघाय लागलायसा — उचला, उचला म्हणून खुणावताय — अवो फोन न्हाई त्यो. शाळंचं ॲप हाय. सकाळधरनं टुंग टुंग, टुंग टुंग. काय म्हणतंय ठावं हाय? ‘आपली परवानगी बाकी आहे.’ आपली म्हंजे माजी. आकारामची. सगळ्या चौथीच्या वर्गाचं पुस्तक अडलंय, आणि कुणापायी अडलंय? तर गडमुडशिंगीच्या एका सलूनवाल्यापायी! म्हंजे आता मी शाळंचा इन्स्पेक्टरच झालो म्हणायचं. हां, जरा गाल फुगवा. अस्सं.

तुमी गडहिंग्लजचं, तुमास्नी काय म्हाईत असणार — सांगतो. आमची राजनंदिनी हाय चौथीला, हितंच मराठी शाळंत. एकुलती एक. अवंदा त्यांच्या वर्गाला संयोगिता मॅडम आल्यात — नव्या हाईत, हुशार हाईत, बोलाय चांगल्या, त्येच्याबद्दल आपलं काय म्हणणं न्हाई. पण डोस्क्यात खूळ एकच. पोरांनी लिवायचं आणि ते छापायचं. छापायचं म्हंजे कागदावर न्हवं, मोबाइलात! शाळंत टॅब हाईत, कुणीतरी देणगी दिल्यात. पोरं आधी वहीत लिवणार, मग शेजारच्याला वाचून दावणार, शेजारचा म्हणणार हे कळंना झालंय, मग ते खोडणार, पुन्हा लिवणार — मग टॅबवर एकेक अक्षर हुडकत बसणार, बोटानं चित्र काढणार, आणि शेवटाला आपल्या आवाजात वाचून त्यात भरणार. व्हय, आवाज! पानावर कर्ण्याचं चित्र असतंय बारकं, ते दाबलं की पोरगं बोलाय लागतंय. असं एकेकाचं एकेक पान, आणि सगळी पानं मिळून पुस्तक. मग लिंक येती पालकांच्या ग्रुपवर. आमच्या वक्ताला काय हुतं हो? ‘माझा आवडता प्राणी’ — गाय. गाईला चार पाय, एक शेपूट. मास्तर खाली लाल रेघ वडायचं, वही घरला, आणि वर्ष सरलं की वहीच्या कागदात शेंगदाणं. मिटलं! आपण काय लिवलंय ते आपल्या बालासुदिक कळत नव्हतं. आता? आता दुबईत बसलेला माणूस वाचतोय, गडमुडशिंगीच्या पोरीनं काय लिवलंय ते.

आणि त्या ॲपचा तरास काय एक हाय व्हय? नंबर टाका म्हणतंय. टाकला. ओटीपी धाडलाय म्हणतंय. ओटीपी येतोय कवा, तर ‘वेळ संपली’ म्हणून झाल्यावर. हितं आत रेंज न्हाई, म्हणून फेसाचा ब्रश हातात घिऊन रस्त्यावर उभारायचं, मोबाइल वर धरून, आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक बोंबलतंय आतनं — आकाराम, वाळलं रं! कशासाठी एवढं? तर परवानगी. नियम असा हाय, की पोराचं पान भाईर जायच्या आधी आई-बापानं ते बघायचं आणि ‘हो’ दाबायचं. नियम चांगला हाय, मी कुठं वाईट म्हणतोय? मॅडमनी पालकसभेत सांगितलतं — आधी वाचा, कर्णा दाबून ऐका, मग दाबा. आता तुमीच सांगा. सणाचा दिवस, दुकानात माणसं उभी, एकाच्या डोस्क्याला मशिन लावलंय, आणि मेसेज आला. मी करंगळीनं दाबलं ‘हो’. काचंवर फेसाचा ठिपका पडला, त्यो पुसला, मोबाइल ठेवला फळीवर. वाचलं न्हाई. कोण वाचतंय? शाळंतनं ढीगभर मेसेज येत्यात — उद्या डबा आणू नये, परवा दप्तर आणू नये — समद्यास्नी मी ‘हो’च दाबतो.

आणि दाबलं कशाला? ऐका. पानाचं नाव, ‘आमच्या दुकानातला आरसा’. पोरगी शाळा सुटली की हितं यायची — त्यो बाकडा दिसतोय न्हवं आरशात, तुमच्या मागं, त्येच्या कोपऱ्यात. हिची आई, अनुजा, गोकुळ शिरगावला कंपनीत जाती, ती येईस्तोवर पोरगी हितं. मला वाटायचं अभ्यास करतीया. मान खाली, हातात पेन्सिल — कुणालाबी तसंच वाटणार की! ती अभ्यास करत नव्हती हो. ऐकत हुती. लिवलंय काय — ‘बाबासो आजोबा मिशीला काळा रंग लावायला येतात तेव्हा पप्पांना शटर अर्धे खाली ओढायला सांगतात. मग रस्त्यावरून त्यांचे फक्त पाय दिसतात. पण त्यांच्या चपला सगळ्या गावाला माहीत आहेत.’ — हसू नगा! हसू नगा पावणं, कापंल! माजी उपसरपंच हाईत ते, त्यांच्या मिशीवर गावानं दोन निवडणुका बघितल्यात! आणि म्होरं — ‘ऋतुराज दादा मुलगी बघायला जायच्या आधी आरशात बघून नमस्कार करायची प्रॅक्टिस करतो. कधी हात जास्त वर जातात, कधी दात जास्त दिसतात.’ नाव घिऊन! नावासकट लिवलंय पोरीनं. आणि वरनं स्वतःच्या आवाजात वाचलंय, मधी जरा थांबून, जितं हसायचं तितं बरोबर थांबून. कुणी शिकवलं हो हिला?

तर काय, ग्रुपवर आलं, तितनं कुणीतरी तालमीच्या ग्रुपवर टाकलं, सांजच्याला सगळ्या गावात तेच. चहाच्या गाड्यावर कर्णा दाबून ऐकाय लागली माणसं. माजं डोस्कंच फिरलं. आमच्या धंद्याचं एक असतंय, पावणं — खुर्चीतलं खुर्चीत. माणूस डॉक्टरला सांगत न्हाई ते हितं सांगतोय. डोळं झाकून गळा देतोय आमच्या हातात, आता तुमी दिलायसा तसा. त्येचं बोलणं जर माजी पोरगी मोबाइलात छापाय लागली तर कोण चढंल ह्या खुर्चीवर? मी तसाच गेलो शाळंत. गिऱ्हाईक अर्ध्यात टाकलं, खांद्यावर टॉवेल, तसाच. मॅडम हसतच पुढं आल्या — ‘दादा, किती छान लिहिलंय तिनं! वर्गात मुलं लोळली हसून.’ म्हटलं, काढा. ‘नावं बदलू या का?’ म्हटलं, काढा. ‘तिला विचारू या, ती स्वतःच बदलेल, परत लिहून घेण्याची सोय आहे यात —’ म्हटलं मॅडम, बाप मी हाय, परवानगी माजी हाय, ती मी माघारी घेतलीया, काढा! मोठ्यानं बोललो जरा. जरा न्हाई, लईच मोठ्यानं. व्हरांड्यात पोरं गोळा झाली. मॅडमचा चेहरा उतरला, पण त्या म्हणाल्या, ‘काढते. तुमचा हक्क आहे. पण का काढलं ते तिला तुम्ही सांगा. घरी बसून, नीट.’ म्हटलं, सांगतो.

सांगितलं का? — जरा इकडं वळा. हां. — सांगणार हुतो. त्या दिशी दुकान उशिरा मिटलं. दुसऱ्या दिशी म्हटलं जेवताना सांगू, तर जेवण झालं. मग ऱ्हाऊनच गेलं. आता बोलायचं म्हंजे सुरवात तरी कशी करायची? ‘बाळ, तुजं पान मी काढलं’ — असं? आणि ती ‘का’ म्हणाली तर?

आणि मग काय झालं, सांगतो. राधानगरीकडच्या शाळंतल्या मॅडम आलत्या हे पुस्तक बघायला, पोरं कशी करत्यात म्हणून. वर्गात मोठ्या टीव्हीवर लावलं. एकेक पोरगं उभारून आपलं पान दावतंय, चित्राबद्दल सांगतंय. संघर्ष म्हणून एक पोरगं हाय, त्येचं झालं. त्येच्या म्होरं हिचं. ही उठून उभारली, वेणी म्होरं घेतली, तयार — आणि पडद्यावर आलं सम्राटचं पान. हिचं न्हाईच. संयोगिता मॅडमास्नी वाटलं बापानं हिला सांगितलं असणार. पोरगी उभीच. तिला वाटलं पुढं असंल, म्हणून सम्राटचं होईस्तोवर उभारली. त्येच्या म्होरचं होईस्तोवर उभारली. मग बसली खाली. आणि हे मला सांगितलं कुणी? तर संघर्षच्या बापानं, ह्याच खुर्चीत बसून. गिऱ्हाईकाकडनं कळलं मला माज्या पोरीचं. घरी येऊन ती काय म्हणाली? एक अक्षर न्हाई. रडली न्हाई, भांडली न्हाई, आईलाबी बोलली न्हाई. दुसऱ्या दिवसापासनं हितं बाकड्यावर यायची मात्र बंद झाली. शाळा सुटली की थेट घर.

वाजला बघा पुन्हा! वाज, वाज. — तर आता हे दुसरं पुस्तक. समद्यांची पानं भरल्यात. समद्यांच्या आई-बापांनी दाबलंय. ऱ्हायलं कोण? आमी. तुमाला वाटंल, एवढं काय, वाचायचं आणि दाबायचं. पण वाचायचं काय, पावणं? पान कोरं हाय. वर नाव — राजनंदिनी — आणि खाली काय न्हाई. चित्र न्हाई, अक्षर न्हाई, नुसतं पांढरं. मला वाटलं रेंज न्हाई म्हणून उघडंना झालंय. भाईर जाऊन बघितलं. पांढरंच. मग कर्णा दिसला, त्यो दाबला. तर पंख्याचा आवाज येतोय वर्गातला. लांब कुणीतरी पोरगं खोकलं. आणि मग बंद. म्हंजे तिनं बटण दाबलं, आणि टॅबम्होरं गप उभारली, आणि पुन्हा बटण दाबलं. हे पान दिलंय तिनं. आणि मॅडमनी ते तसंच माज्याकडं धाडलंय, परवानगीला!

फोन केला मी. म्हटलं मॅडम, बारकं पोरगं हाय, रुसलंय, तुमी चार वळी टाका की तितं — मोर, झाड, काय बी. तर म्हणत्यात, ‘मी लिहिलं तर ते माझं पान होईल, दादा. तिनं हेच दिलंय.’ म्हटलं मग सोडून द्या हिचं पान, बाकीच्यांचं काढा पुस्तक. तर म्हणत्यात, ‘एकदा सोडलं ना आपण. आता नाही सोडणार. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा, पण तुम्ही काय म्हणालात ते यावेळी तिला तुमच्याकडूनच कळू दे.’ बघा! आता ही काय मास्तरकी झाली व्हय? पोरांस्नी पाढं शिकवायचं सोडून बापास्नी शिकवाय लागल्या. आणि तिकडं ग्रुपवर रोज — ‘आकाराम, दाब की रं’, ‘पोरं वाट बघाय लागल्यात’, ‘आकाराम, झोपला काय?’ वर्गात पोरं हिला बोलत असणार, तुज्यापायी अडलंय म्हणून. संघर्ष म्हणालाच म्हणं. आता मी ‘हो’ दाबलं तर सगळ्या गावात माज्या पोरीचं कोरं पान. ‘नाही’ दाबलं तर दुसऱ्यांदा मीच तिचं पान फाडल्यागत. सांगा, काय दाबू?

काय? — हनुवटी वर. — काय म्हणला? गिऱ्हाईक किती तुटलं? तुटलं की. तुटलं म्हंजे — बाबासो दुसऱ्याच दिशी आलं, आता खोटं कशाला बोला. खुर्चीत बसलं आणि म्हणलं, आकाराम, शटर वर कर बाबा, गावाला ठावंच झालंय तर वारं तरी येऊ दे आत. आणि स्वतःच हसाय लागलं, मिशीचा रंग गालावर उतरला तरी हसतंय. ऋतुराज? ऋतुराजचं तर लग्न जमलं हो! त्या पोरीनं ते पान वाचलं हुतं कुणाच्यातरी मोबाइलवर. ह्यो गेला बघायला, तर ती म्हणाली, त्यो नमस्कार करून दावा की. ह्येनं केला, दात जास्त दिसलं, आणि जमलं तितंच. पेढं आणून दिलं मला, ‘नंदिनीला द्या, तिच्यामुळं’ म्हणून. मी घरी न्हेलं न्हाईत. न्हेलं असतं तर सांगायला लागलं असतं न्हवं, कशाचं हाईत म्हणून.

मग कशाला काढाय लावलं — असंच बघाय लागलायसा न्हवं आरशातनं? असं बघू नगा. धंद्याचं सांगितलं न्हवं तुमास्नी, खुर्चीतलं खुर्चीत — ते काय खोटं हाय? ते हायच. ते हुतंच.

न्हाई, पण शेवटाला चार वळी हुत्या. बाबासोच्या खाली, ऋतुराजच्या खाली. त्येच्याबद्दल कुणी काय बोललं न्हाई, तालमीतलं न्हाई, चहाच्या गाड्यावरचं न्हाई, हसण्याच्या नादात कुणाचं ध्यानच गेलं न्हाई तितवर. मी ऐकल्या. माज्या तोंडपाठ हाईत. ‘पप्पा दुकानात खूप बोलतात. आलेल्या माणसाला विचारतात, कुठले तुम्ही, जेवला का, मुलं काय करतात. घरी आल्यावर पप्पा बोलत नाहीत. म्हणून मी शाळा सुटली की दुकानात येऊन बसते.’

एवढंच. तक्रार न्हाई हो आवाजात. पाढा म्हटल्यागत सरळ म्हणलीया. खाली चित्र काढलंय — आरसा, आणि आरशात मी, त्वांड एवढं मोठं उघडं.

आता ह्येला काय म्हणायचं? दिवसभर उभारून पाय भरून येत्यात. माजं अर्धं काम हातानं असतंय, अर्धं तोंडानं — गिऱ्हाईक गप बसलं तर त्येला वाटतंय ह्यो माणूस शिष्ट हाय. घरी गेल्यावर मग शब्द उरत न्हाईत. सगळ्याच बापांचं असंच असतंय, तुमचं न्हाई व्हय? खरं सांगू? हितं सोपं असतंय. तुमी आरशात बघताय, मी तुमच्या गालाकडं बघतोय, कोण कुणाच्या डोळ्यात बघत न्हाई. आणि तुमी उठून जाणार, उद्या मी काय बोललो ते तुमच्या ध्यानातबी नसणार. पोरगी तशी न्हाई. ती समोर बसती, ताटावरनं सरळ तोंडाकडं बघती, आणि वाट बघती. तिला काय इचारू? जेवली का? माज्या म्होरंच जेवतीया. कुठली? माजीच हाय. ते ॲपमधी बोलून लिवायचं असतंय, माईकचं चित्र. परवा दुकानात कोण नव्हतं, तवा म्हटलं आपणच तिच्या पानावर कायतरी बोलावं, तिच्या वतीनं. दाबलं. ‘बोला’ म्हणून आलं काचंवर. बोला, बोला — आणि मी, सगळा गाव ज्येला बडबड्या म्हणतोय त्यो मी — न्हाई आलं, पावणं. एक शब्द न्हाई आला. ते आपलं आपण बंद झालं.

तसं न्हाई की मला तिचं लिवणं आवडलं न्हाई. बाबासोच्या चपलांचं वाचलं तवा मी मोरीत जाऊन हसलो. ते तिला सांगाय पायजे हुतं. ते तरी सांगाय —

…

गप. मागं वळू नगा. आरशात बघा — दारात. हीच ती. दप्तर हाय पाठीला. वर्गानं धाडली असंल, बापाकडनं ‘हो’ घिऊन ये म्हणून.

ये की. आत ये.

…

बस. बाकड्यावर बस. न्हाई तर — हितं बस, म्होरं.

…

काय म्हणत हुतो मी? काय न्हाई. पावणं, उठा. व्हय, ठावं हाय मला, एकीकडची दाढी ऱ्हायलीया. ह्यो टॉवेल घ्या, पुसा, आणि समोर चहाच्या गाड्यावर जाऊन बसा. झालं की हाक मारतो. अवो वस्तऱ्याला काय झालं न्हाई, धार चांगली हाय — असं काय उभारलायसा खुर्ची धरून? जावा म्हणतोय न्हवं. मला हिच्यासंगं बोलायचंय.